बारावी सुरी

ऑक्टोबर संपत आला की मी आणि माझा भाऊ फिदेन्सियो शेतात सुऱ्या काढायला जायचो. लोक रताळी काढतात, आम्ही सुऱ्या काढायचो. त्या वर्षीही सकाळी मक्याची भाकरी आणि मिरचीची चटणी खाऊन आम्ही निघालो. खांद्यावर कुदळ, हातात टोपली. फिदेन्सियोनं नवी टोपी घेतली होती आणि ती त्याच्या कानांवर उतरत होती, म्हणून वाटभर मी त्याला हसत होते. त्यानंतर आम्ही दोघं तसं मोकळेपणानं कधी हसलो नाही.

तुम्ही जुनी सुरी विकत घ्यायला आलात, म्हणून हे सांगते. दिवा जरा इकडे सरकवा, मला तुमचा चेहरा दिसत नाही.

आधीच कबूल करते, आम्ही चोर नव्हतो, लबाड होतो. आमचं सान लोरेन्सो गाव काळ्या काचेवर जगतं. ज्वालामुखीनं ओकलेली ही काच डोंगरात फुकट मिळते. माझे वडील हरणाच्या शिंगानं तिच्या कपच्या उडवून पानाच्या आकाराच्या सुऱ्या करायचे, आणि नंतर फिदेन्सियो करू लागला. पूर्वी देवळांच्या माथ्यावर पुजारी ज्या वापरायचे, तशाच. चौघांनी दगडावर उताणं धरलेल्या माणसाचं काळीज ते कसं काढायचे, हे मोठ्या पिरॅमिडपाशी वाटाडे पर्यटकांना रंगवून सांगतात. पर्यटकांच्या अंगावर काटा येतो, आणि मग त्यांना तशी एक सुरी घरी न्यायची असते.

पण नवी काच आरशासारखी चमकते, तिला जुनी कोण म्हणेल? म्हणून मे महिन्यात, पावसाच्या आधी, आम्ही सुऱ्यांना राख, निवडुंगाचा चीक आणि शेळीचं शेण फासायचो आणि शेताच्या टोकाला असलेल्या टेकाडाच्या पायथ्याशी पुरायचो. पुरताना वर घायपाताची आंबट ताडी ओतायची, ही वडिलांची पद्धत. सहा महिने पाऊस खाल्ला की सुरी हजार वर्षांची दिसते. मग ती मळक्या फडक्यात गुंडाळून मी ओतुम्बाच्या नाहीतर चोलुलाच्या बाजारात बसायची आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी लागायची, "बाई, नवऱ्याला नांगरताना सापडली हो. पोलिसांना सांगू नका." माझा नवरा केव्हाच मेला होता, आणि जिवंत होता तेव्हाही त्यानं कधी नांगराला हात लावला नाही.

खरी जुनी वस्तू विकली तर तुरुंग. खोटी विकली तर फार तर चार शिव्या. म्हणून वडिलांनी एक नियम घालून दिला होता. प्रत्येक सुरीच्या मुठीखाली, दोरा गुंडाळला की झाकलं जाईल अशा जागी, तीन बारीक खाचा पाडायच्या. पोलिसांनी पकडलं तर दोरा सोडून दाखवायचं, साहेब, हे बघा आमचं चिन्ह, आम्हीच केलेली आहे. शिवाय आपल्याच लबाडीत आपण फसायला नको.

फिदेन्सियो माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. त्याच्या जन्मात आई गेली आणि मी त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं. माझ्या डाव्या हाताची करंगळी बघा. नऊ वर्षांची असताना वडिलांच्या कामाच्या जागी एक कपची लागली आणि वरचं पेर गेलं. काळी काच आधी दुखत नाही, मला कळलं तेव्हा पेर जमिनीवर पडलेलं होतं. लहानपणी फिदेन्सियो हीच थोटी करंगळी मुठीत धरून झोपायचा. मोठा झाला तरी स्वभाव तसाच मऊ राहिला. दिवसभर सुऱ्या करणारा हा माणूस रक्त बघितलं की चक्कर येऊन पडायचा. कोंबडीसुद्धा त्याची बायको निकोलासा कापायची, आणि हा तोवर रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत चालून यायचा.

तर त्या दिवशी आम्ही खणलं. अकरा सुऱ्या निघाल्या. मे महिन्यात अकराच पुरल्या होत्या. मी टोपली उचलली, तेवढ्यात फिदेन्सियोच्या कुदळीला खणकन काहीतरी लागलं. तो गुडघ्यावर बसला, हातानं माती सारली आणि बारावी सुरी वर काढली.

ती इतरांपेक्षा वीतभर खोल होती आणि जड होती. मी ती फिरवून बघितली. मुठीखाली खाचा नव्हत्या.

"ताई, ही माझी नाही," फिदेन्सियो म्हणाला.

"मग काय माझी आहे?"

"तसं नाही गं. हे काम बघ ना. एक कपची दुसरीवर कशी बसलीय. मला हे जमतच नाही."

"मे महिन्यात ताडी जमिनीला किती पाजलीस आणि स्वतः किती प्यालास, आठवतंय? नशेत हात बरा चालला असेल तुझा. खाचा पाडायच्या राहिल्या, आता पाड."

"पण आपण अकराच..."

"फिदे, चिन्हाशिवाय ही सुरी पोलिसांना सापडली तर आपण दोघं आत जाऊ. चिन्ह असलं तर ती आपली. मुकाट्यानं पाड."

मी हे म्हटलं. सगळ्याची सुरुवात माझ्या तोंडून झाली, आणि हे मी कबुलीच्या वेळी पाद्र्यालाही सांगितलेलं नाही.

त्यानं खिशातून शिंगाचं टोक काढलं आणि बसल्या जागी खाचा पाडायला घेतल्या. एक. दोन. तिसऱ्या खाचेला एक कपची उडाली, त्याचा सदरा फाडून डाव्या छातीखाली घुसली. लाल डाग भराभर पसरायला लागला. मी त्याला धरायला धावले, कारण आता हा पडणार. पण तो पडला नाही. तो मान खाली घालून आपलं रक्त बघत राहिला, एखादी नवी गोष्ट बघावी तसा. रक्त सुरीवरही सांडलं होतं. पुसायला मी शालीचं टोक पुढं केलं, तर सुरी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं चोलुलाला गेलो. तिथं टेकडीएवढ्या पिरॅमिडच्या माथ्यावर चर्च बांधलंय, आणि खालच्या गल्लीत सिरिआको शेठचं दुकान. त्याला ठाऊक होतं आमच्या सुऱ्या खोट्या असतात ते. तो त्या खऱ्या म्हणून मोठ्या शहरातल्या हौशी लोकांना विकायचा, त्यामुळे आमचं छान जमायचं.

"या एर्लिंदाबाई," तो मला म्हणाला. "नवऱ्यानं पुन्हा नांगरलं वाटतं?"

"मेल्यावरच कामाला लागलाय तो, शेठ. जिवंतपणी काही केलं नाही."

शेठ हसला आणि एकेक सुरी घेऊन चाटू लागला. त्याची ही परीक्षा होती. जुन्या दगडाला जीभ जराशी चिकटते, म्हणायचा, नव्यावरून सरकते. "हिला शेणाची चव. हिलाही. फिदेन्सियो, तुझ्या शेळ्यांचं पोट बिघडलंय का रे?" अशी त्याची बडबड चालली होती. अकरा झाल्या. बारावी फिदेन्सियोनं स्वतःजवळ ठेवली होती. मी कोपरानं ढोसलं तेव्हा त्यानं ती नाइलाजानं पुढं केली.

शेठनं जीभ पात्याच्या सपाट बाजूला लावली. धारेला नाही, सपाट बाजूला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. जीभ चिकटली. त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं मान मागं ओढली आणि जीभ टोकापासून मुळापर्यंत उभी फाटली. फाटल्याचा आवाज झाला, ओलं कापड फाडल्यावर होतो तसा. रक्ताची धार हनुवटीवरून काचेच्या कपाटावर पडली. तो ओरडायला गेला आणि तोंडातले दोन तुकडे नुसते वेगवेगळे हलले.

मी माझा रुमाल त्याच्या तोंडात कोंबला. आसपासचे दुकानदार धावले, कुणी डॉक्टरकडे पळालं. त्या गडबडीत शेठनं सुरी फडक्यात गुंडाळली, माझ्या छातीवर दाबली आणि बोटानं खाली जमिनीकडे दाखवलं. पुन्हा दाखवलं. मग दारातून बाहेर नेईपर्यंत तो वळून वळून जमिनीकडेच बोट दाखवत होता. मला समजलं. ती खरी होती, आणि ती परत जमिनीत जायला हवी होती.

परतीच्या बसमध्ये मी फिदेन्सियोला म्हटलं, "आज घरी गेल्याबरोबर पुरायची."

"हो ताई."

"आणि जखम दाखव तुझी. पिकली असेल."

त्यानं सदऱ्याची बटणं सोडली. डाव्या छातीखाली तीन बारीक खाचा होत्या. एका ओळीत, सारख्या अंतरावर, नीट पाडलेल्या.

"कपची एकच उडाली होती ना रे?"

"एकच उडाली होती," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. तो हसत होता.

घरी आल्यावर त्यानं मला सांगितलं, पुरली म्हणून. मी विश्वास ठेवला. माझ्यासाठी तो साऱ्या जगाशी खोटं बोलायचा, पण माझ्याशी कधी बोलला नव्हता.

मेलेल्यांचा सण जवळ आला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आमचे मेलेले लोक घरी जेवायला येतात. त्यांच्यासाठी ताट मांडायचं, कोपालचा धूप घालायचा आणि रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट करायची, म्हणजे त्यांना घर सापडतं. आदल्या दिवशी दुपारी निकोलासा मसाला वाटत होती. टर्की अंगणात बांधलेला होता. फिदेन्सियो उठला आणि म्हणाला, "आज मी कापतो."

"तुम्ही?" निकोलासा हसली. "वन्सं, पाणी घेऊन उभ्या राहा हो, हे पडणार."

मीही हसले. हसता हसता बघितलं, तर त्यानं टर्कीला उताणं केलं, रिकाम्या पाट्यावर पाठ टेकवून छाती वर काढली, आणि हात एकदा खाली गेला. हाडं कडकड मोडली. मग त्यानं मनगटापर्यंत हात आत घातला आणि काळीज बाहेर काढून उन्हात वर धरलं. ते अजून उडत होतं. रक्त त्याच्या कोपरावरून टपटप गळत होतं. पक्ष्याचे पाय हवेत धावत होते. निकोलासाच्या हातातलं मसाल्याचं भांडं पडून फुटलं.

फिदेन्सियोनं आपल्या हाताकडे बघितलं. मग काळीज टाकून तो भिंतीशी बसला आणि भडाभडा ओकला.

"ताई... मला कुणी शिकवलं गं हे?"

त्याच्या दुसऱ्या हातात ती सुरी होती.

"तू पुरली होतीस ना?"

"पुरली होती. देवाशपथ, ताई. सकाळी उठलो तर उशाशी होती. पुन्हा पुरली. आता हातात कधी आली, मला माहीत नाही."

मी ती हिसकावली आणि त्याला बरोबर घेऊन शेतात गेले. या वेळी मी स्वतः कमरेइतकं खणलं. सुरी तळाशी ठेवली, ताडी ओतली, माती लोटली, आणि वर माझ्या आईचा पाटा आणून पालथा घातला. तो उचलायला दोन गडी लागतात, फिदेन्सियो आणि मी मिळून कसाबसा आणला होता. परत येताना तो माझी करंगळी धरून चालत होता, चाळीस वर्षांचा माणूस. मला रडू आवरेना.

पहिल्या तारखेला सकाळी मी दूध काढायला गोठ्यात गेले. चारही शेळ्या ओळीनं उताण्या पडल्या होत्या. छात्या उघड्या, आत पोकळ. एकही माशी बसलेली नव्हती. मी दात आवळून एकटीनं खड्डा खणला आणि त्यांना गाडलं, आणि निकोलासाला सांगितलं की शेळ्या रात्री सुटल्या. तेव्हाच तिला माहेरी पाठवायला हवं होतं. फिदेन्सियोला बांधून घालायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी आई-वडील जेवून परत निघणार, आणि त्यांना निरोप द्यायला घरात सून नाही, हे मला बरं वाटेना. म्हटलं, सण उरकू दे. एक दिवसाचाच तर प्रश्न आहे.

दोन तारखेला उन्हं वर आली तेव्हा मी दारात येऊन उभी राहिले. झेंडूची वाट रस्त्याकडे जात नव्हती. उंबऱ्यापासून निघून ती घराला वळसा घालून मागं गेली होती. निवडुंगाच्या ओळींमधून, शेतातून, थेट त्या टेकाडावर.

"निको, ही वाट कुणी केली?"

"मीच की, वन्सं, काल. रस्त्यापर्यंत..." ती बाहेर आली आणि तिलाही ती वाट दिसली.

मी झाडू घेतला आणि अंगणातल्या पाकळ्या लोटून दिल्या. शेतातल्या तशाच राहिल्या. उशीर होत होता. दोन तारखेला दुपारी बारा वाजता चर्चच्या घंटा सुरू होतात आणि त्या थांबेपर्यंत मेलेले परत जातात, त्यामुळे तोवर सगळं गाव कबरस्तानात पोहोचतं. मी फुलं घेऊन पुढं गेले. जेवणाची टोपली घेऊन नवरा-बायको मागून येणार होते. फिदेन्सियो त्या सकाळी अगदी शहाण्यासारखा होता. त्यानं दाढी केली होती. "तू हो पुढं, ताई, आम्ही आलोच," म्हणाला.

मी आईवडिलांच्या थडग्यावर फुलं मांडली. सगळीकडे माणसंच माणसं, गिटार वाजत होती, पोरं साखरेच्या कवट्या चघळत होती. बारा वाजायला आले तरी ही दोघं आली नाहीत. घंटेचा पहिला टोला पडला. मी उरलेली फुलं टाकून धावले.

या धावण्यातलं मला कबरस्तानाचं फाटक आठवतं. त्यानंतर आठवते ती टेकाडाची चढण, पायाखाली झेंडू. मधे सगळं गाव आहे, चर्चचं मैदान आहे, आमचं घर आहे. त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. नऊ वर्षं आठवून बघते आहे.

टेकाडाच्या माथ्यावर एक सपाट दगड आहे, लहानपणी आम्ही त्यावर भातुकली मांडायचो. निकोलासा त्या दगडावर उताणी पडली होती. पाठीची कमान झालेली, छाती वर आलेली, आणि हातपाय चार दिशांना ताणलेले. तिला कुणीही धरलेलं नव्हतं. तरी मनगटांवर आणि घोट्यांवर कातडी खोल दबली होती, बोटं रुतल्यासारखी, आणि ती धडपडली की त्या खळग्या आणखी खोल जात होत्या. धुपाचा वास येत होता, आणि धुपाखाली कच्च्या रक्ताचा. भर दुपार होती, ऊन डोक्यावर तापलेलं होतं, आणि माझे दात वाजत होते.

फिदेन्सियो तिच्याजवळ उभा होता. सुरी दोन्ही हातांनी वर धरलेली. तो ढसाढसा रडत होता.

"ताई... हात माझा ऐकत नाही गं..."

"टाक ती खाली, फिदे."

"टाकता येत नाही... घंटा थांबायच्या आत हवंय त्यांना..."

"कुणाला?"

त्यानं निकोलासाच्या हातापायांकडे बघितलं. एका पायाकडून दुसऱ्याकडे. मग माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा असा झाला, की मी जन्मात विसरणार नाही. मला वाटलं तो भीतीनं तसा बघतोय.

काळी काच कशी फुटते हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी एक दगड उचलला आणि पात्यावर जीव खाऊन मारला. पातं घंटेसारखं वाजलं, तुटलं नाही. दुसरा घाव मी त्याच्या बोटांवर घातला. ज्या हाताला मी घास भरवायला शिकवलं होतं, त्या हाताची हाडं माझ्या दगडाखाली फुटली. मी पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. बोटांचा चेंदा झाला, हाडाचं टोक बाहेर आलं, आणि तरी ती मूठ उघडली नाही. तो किंचाळत होता, मीही किंचाळत होते. सुरी निकोलासाच्या छातीवर इंच इंच खाली येत होती.

"ताई," तो एकदम हळू आवाजात म्हणाला. "एकच काळीज हवंय त्यांना. कुणाचंही चालेल."

"नाही... फिदे, नाही..."

"सुरीवर चिन्ह माझं आहे ना."

हात त्याचा ऐकत नव्हता, पण अंग ऐकत होतं. त्यानं निकोलासाच्या आणि सुरीच्या मधे स्वतःला लोटलं. टोक त्याच्या छातीवरच्या तीन खाचांवर टेकलं. मी त्याची टोपी धरली, सदरा धरला, सदरा फाटला. तो सगळ्या वजनानिशी पुढं कोसळला.

पुढचं त्यानं केलं नाही, त्याचे हात तेव्हाच लुळे पडले होते. तरी सुरी चालतच राहिली. बरगड्यांखालून ती एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत गेली, घाई न करता, आणि तो उताणा वळला तेव्हा त्याची छाती टर्कीच्या छातीसारखी उघडी होती. रक्त उसळून माझ्या तोंडावर आलं, ऊन ऊन, खारट. मी दोन्ही हात जखमेवर दाबले आणि ते आतच गेले. आत काही नव्हतं. त्याचे डोळे अजून माझ्याकडे बघत होते, ओठ हलत होते, आणि आत काही नव्हतं. तेवढ्यात घंटा थांबल्या. निकोलासाचे हातपाय सुटले आणि ती दगडावरून घरंगळून खाली पडली.

गावाला मी सांगितलं की तो पाय घसरून हातातल्या काचेवर पडला. सान लोरेन्सोत काचेच्या जखमा सगळ्यांनी बघितलेल्या, कुणी फार खोलात गेलं नाही. तालुक्याच्या डॉक्टरनं मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, बाई, काळीज कुठंय? कुत्री आली होती, मी म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण त्यालाही दुसरं काही सुचलं नसावं. सुरी टेकाडावर कुठंच सापडली नाही. शेतात आईचा पाटा मी ठेवला तसाच पालथा होता, कडेनं गवत उगवायला लागलं होतं. त्याखाली मी अजून खणलेलं नाही, म्हणून तुम्ही कितीही म्हणालात तरी माझ्याकडे विकायला सुरी नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर मी भावासाठी रडून मोकळी झाले असते.

त्या संध्याकाळी मी निकोलासाला ऊन पाण्यानं अंघोळ घालत होते. तिच्या मनगटांवर आणि घोट्यांवर वळ उठले होते, काळेनिळे, हातांच्या आकाराचे. दोन्ही मनगटांवर आणि डाव्या घोट्यावर पुरुषी पंजे होते, भलेमोठे, माझ्या ओळखीच्या कुणाचेही नाहीत. उजव्या घोट्यावरचा हात लहान होता. बाईचा. अंगठा आणि चार बोटं, स्पष्ट. त्यातली करंगळी एका पेरानं तोकडी होती.

तांब्या माझ्या हातातून पडला. मी नको ते केलं, माझा डावा हात त्या वळावर ठेवून बघितला. अंगठ्यावर अंगठा बसला, बोटांवर बोटं. निकोलासानं पाय झटकन ओढून घेतला.

"निको, अगं, मी नंतर आले. मी धावत आले, तू बघितलंस ना?"

"बघितलं, वन्सं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवत नव्हतं. "तुम्ही धावत वर आलात ते मी बघितलं. पण पाय तर तुम्ही आधीपासूनच धरला होतात."

तेव्हा मला कळलं, फिदेन्सियो मरायच्या आधी निकोलासाच्या पायाकडे आणि मग माझ्याकडे तसा का बघत होता. तो माझी करंगळी ओळखत होता.

निकोलासा माझ्याजवळच राहते, तिला दुसरं कोण आहे? आम्ही एकत्र स्वयंपाक करतो, एकमेकींना धरून रडतोही. फक्त ती माझ्या डाव्या हातात काही देत नाही, टेबलावर ठेवते. आणि दरवर्षी दोन नोव्हेंबरला घंटा व्हायच्या आत मी तिला माझा तो हात खाटेला बांधायला लावते. ती ओल्या दोरीनं बांधते, गाठीवर गाठ मारते आणि समोर खुर्ची टाकून बसते. शेवटचा टोला पडला की सोडते. आठ वर्षं काही झालं नाही.

गेल्या वर्षी घंटा थांबल्या. दोरी जशीच्या तशी होती, गाठी तिच्याच हातच्या होत्या, आणि ती खुर्चीवरून हललेलीही नव्हती. तिनं दोरी सोडून माझी मूठ उघडली. मुठीत झेंडूच्या पाकळ्या होत्या, ओल्या, आणि हाताला नुकतंच काहीतरी घट्ट धरून सोडल्यासारखी रग लागली होती.